मामाच्या घरचा टिकलीमासा

दिवाळीच्या सुट्टीत काय पाहिले ते लिहा, असे गुरुजींनी सांगितले होते. पुष्कळ मुलांनी किल्ला, फटाके आणि फराळ यांवर लिहिले आहे. मी माशावर लिहिणार आहे. यात माझी एक चूकसुद्धा आहे. ती लिहू की नको, असे मला झाले होते. पण गुरुजी म्हणाले, "झाले तसे लिही." म्हणून लिहीत आहे.

माझा मामा मुंबईत मुलुंडला राहतो. वसुबारसेला मी आणि आई आसनगावहून लोकलने निघालो. ठाणे गेले की लगेच मुलुंड येते. मामाचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. खोल्या दोनच आहेत, पण मागच्या खिडकीतून मोठा डोंगर दिसतो. मामा म्हणाला, "डोंगराच्या पलीकडे बोरिवली. मधले सगळे जंगल राष्ट्रीय उद्यानाचे." मुंबईत जंगल आहे हे मला खरेच वाटेना.

घरात गेलो तर टीव्हीच्या शेजारी दोन काचेच्या पेट्या. दोन्हीत मासे! मामाने लहानपणी शाळेच्या सहलीत मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. ते १९५१ साली सुरू झाले होते. तेव्हापासून त्याला माशांचे वेड लागले, असे आई म्हणते.

पहिल्या पेटीतले मासे बोटाएवढे होते. अंग निळसर आणि शेपूट लालभडक. मामा म्हणाला, "हे किलीफिश." मला वाटले, किल म्हणजे मारणे, म्हणजे हा मारका मासा असणार. मी बोट मागे घेतले. मामा हसायला लागला. म्हणाला, "अरे, किल हा जुना डच शब्द आहे. त्याचा अर्थ ओढा, पाण्याचा ओहोळ. ओढ्यातला मासा म्हणून किलीफिश." मग आम्ही त्यांना किलीमासे म्हणू लागलो.

हे लाल शेपटीचे मासे आफ्रिकेतले. झिंबाब्वे आणि मोझांबिक या देशांत ते पावसाच्या डबक्यांत राहतात. पाऊस संपला की डबके आटते आणि मासे मरतात. पण मरण्याआधी ते चिखलात अंडी घालून ठेवतात. चिखल वाळून भेगा पडतात, तरी आतली अंडी जिवंत राहतात. पुढचा पाऊस आला की पिल्ले बाहेर येतात. डबके पुन्हा आटणार, म्हणून त्यांना वाढायची फार घाई. चौदा दिवसांत पिल्लू मोठे होऊन अंडी घालू शकते, असे शास्त्रज्ञांनी मोझांबिकमध्ये पाहिले आणि २०१८ साली छापले. चौदा दिवस म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी! आपल्या माळावरचे गवत उन्हाळ्यात वाळून जाते आणि मिरगाच्या पावसाने पुन्हा हिरवे होते, तसेच हे झाले.

मामाला ही अंडी त्याच्या मित्राने टपालाने पाठवली होती. नारळाच्या काथ्याचा ओलसर चुरा, त्यात अंडी आणि वर प्लॅस्टिकची पिशवी. पोस्टमन मासे घेऊन आला आणि त्यालाच ठाऊक नाही! मामाने काही आठवडे थांबून तो चुरा पाण्यात टाकला, तेव्हा पिल्ले निघाली.

मग मी दुसरी पेटी पाहिली. आणि मी ओरडलोच, "अरे, हा तर आपला टिकलीमासा!"

तुम्हा सर्वांना तो ठाऊक आहे. भाताच्या खाचरात, ओढ्याच्या कडेला, झऱ्याच्या डबक्यात पाण्याच्या अगदी वरच्या थराला असतो. डोके वरून चपटे, तोंड आभाळाकडे आणि डोक्यावर चांदीची टिकली. आम्ही पोरे त्याला टिकलीमासा म्हणतो. मागच्या पावसाळ्यात मी पंधरा टिकलीमासे एका बाटलीत भरून घरी आणले होते. सकाळी पाहिले तर सगळे पालथे. आजीने बाटली उकिरड्यावर ओतली आणि मी पुन्हा पकडायला गेलो. तेव्हा मला काहीच वाटले नव्हते.

मी मामाला म्हणालो, "मामा, तुला हा कशाला लागतो? आमच्या ओढ्यात फुकट मिळतो."

मामा म्हणाला, "हासुद्धा किलीमासाच आहे. आणि तुला ठाऊक आहे का, याला शास्त्रातले नाव मिळाले ते मुंबईच्या माशावरून."

फ्रान्स देशातील व्हालांसिएन नावाच्या शास्त्रज्ञाने १८४६ साली या माशाचे वर्णन पुस्तकात छापले. मासे मुंबईहून तिकडे गेले होते. १८४६ साली मुंबईत आगगाडीसुद्धा नव्हती. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली सुरू झाली. म्हणजे आगगाडीच्या आधी आपला टिकलीमासा पुस्तकात गेला! केरळात त्याला मानत्तुकण्णी म्हणतात. त्याचा अर्थ आभाळाकडे डोळे असलेली. हे नाव मला फार आवडले.

मामाने मला नर आणि मादी ओळखायला शिकवले. नर रंगाने जास्त चमकतो. अंगावर सोनेरी-हिरव्या ठिपक्यांच्या ओळी असतात आणि पंखांना लालसर कड असते. मादी फिकी असते आणि तिच्या अंगावर काळे उभे पट्टे जास्त असतात. ओढ्यात उन्हामुळे आपल्याला फक्त टिकली दिसते. काचेतून पाहिला तेव्हा मला समजले की हा मासा एवढा देखणा आहे.

पेटीची कामे मामाने मला दिली. नळाचे पाणी थेट पेटीत ओतायचे नाही. पाण्यातले जंतू मारायला त्यात क्लोरीन घातलेले असते, ते माशांना सोसत नाही. म्हणून बादली एक दिवस उघडी ठेवायची. पेटीतले थोडे पाणी काढायचे आणि तेवढेच बादलीतले घालायचे. मामा म्हणाला, "हे पाणी तुझ्याच तालुक्यातले बरे का." खरेच आहे. तानसा आणि भातसा ही धरणे आपल्या शहापूर तालुक्यात आहेत आणि त्यांचे पाणी मुंबईला जाते. उन्हाळ्यात आपल्याकडे कितीतरी पाड्यांवर टँकर येतो. मामाच्या पेटीत आपले पाणी पाहून मला बरेही वाटले आणि कसेसेच झाले. मी बादलीतले थेंबभर पाणीही सांडू दिले नाही.

सगळ्यांत महत्त्वाचे काम झाकणाचे. टिकलीमासा पाण्यावर उडी मारून किडा पकडतो. ओढ्यात उडी मारली तर तो परत ओढ्यातच पडतो. पेटीतून मारली तर फरशीवर पडणार. म्हणून पेटीवर काचेचे झाकण असते. मामाने मला आणि त्याच्या धाकट्या मुलाला, म्हणजे छोटूला, तीन वेळा बजावले, "खायला घाला, पण झाकण लावायला विसरू नका."

आता माझी चूक सांगतो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मामाला रात्रपाळी होती. पूजा करून तो कामावर गेला. गॅलरीत पणत्या लावल्या होत्या. पणतीभोवती बारीक पाखरे जमली आणि काही खाली पडली. मी ती कागदावर गोळा केली. म्हटले, माशालापण दिवाळीचा फराळ होऊ दे. झाकण सरकवले आणि पाखरे टाकली. नराने अशी झडप घातली की पाणी माझ्या तोंडावर उडाले! मला लई मजा वाटली. तेवढ्यात खाली अनार लागले. सगळी पोरे ओरडू लागली. मी तसाच जिन्याकडे पळालो. झाकण चार बोटे उघडे राहिले.

दुसऱ्या दिवशी पाडवा. मामी पहाटे केर काढत होती. कपाटाखालून केरसुणीबरोबर मासा बाहेर आला. वाळून काडी झाला होता. तो नर होता. डोक्यावरची टिकलीही गेली होती.

मामा पाळीवरून आला. मासा हातावर घेऊन तो उभाच राहिला. आदल्या दिवशी छोटूने पेटीत चकलीचा चुरा टाकला होता. त्यामुळे सगळ्यांना वाटले की झाकण त्यानेच उघडले. मामा त्याला फार ओरडला. छोटू रडत म्हणाला, "मी नाही उघडलं." मामा म्हणाला, "खोटं बोलू नको."

मी तिथेच उभा होतो. मला बोलता आले असते. पण माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडेना. छोटू सहा वर्षांचा आहे. त्याने पाडव्याची करंजीसुद्धा खाल्ली नाही. मी माझी खाल्ली, पण ती घशाखाली उतरत नव्हती. रात्री तो माझ्याच शेजारी झोपला आणि झोपेत हुंदके देत होता. पेटीत मादी एकटीच एका कोपऱ्यात होती.

भाऊबीजेला आईने मामाला ओवाळले. मामाने मला जवळ बोलावून नवा कंपास दिला. तो हातात घेतला आणि मला रडूच आले. मी म्हणालो, "मामा, झाकण मी उघडं ठेवलं होतं. छोटूने नाही."

सगळे गप्प झाले. मला वाटले, आता मार बसणार. पण मामा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मासा गेला तो काही परत येत नाही. पण छोटूला मी खोटारडा म्हणालो. त्याची माफी आपण दोघांनी मागायची." मामाने छोटूला उचलून मांडीवर घेतले. मी त्याला माझा कंपास देऊ केला. छोटू म्हणाला, "मला कंपास नको. मला अनार पाहिजे." मग सगळे हसले. आई मात्र हसली नाही. ती मला म्हणाली, "दोन दिवस गप्प कसा राहिलास रे?" मला उत्तर देता आले नाही.

त्या रात्री मामाने मला पेटीजवळ बसवले. पेटीत हिरव्या लोकरीचा एक झुबका बुचाला बांधून सोडला होता. मी तो शोभेचा समजत होतो. मामाने तो बाहेर काढून पिळला आणि धागे बाजूला करून दाखवले. धाग्यांना साबुदाण्यापेक्षा बारीक, काचेसारखे मणी चिकटले होते. ती अंडी होती. आपला टिकलीमासा आफ्रिकेतल्या माशासारखी चिखलात अंडी घालत नाही. पाणवनस्पतींना रोज थोडी थोडी चिकटवतो. लोकर त्याला पाणवनस्पतीसारखीच वाटते.

आम्ही मोजली. चौदा अंडी होती. मामा म्हणाला, "ही त्याच नराची पोरं. तू घरी घेऊन जा आणि वाढव. हीच तुझी शिक्षा."

गावी परतण्याच्या आदल्या दिवशी मामा मला आणि छोटूला बोरिवलीला घेऊन गेला. तिथे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. ते सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. आत कान्हेरीची लेणी आहेत, शंभराच्या वर. लेणी पाहिली, पण माझे लक्ष ओहोळाकडे होते. पावसाचे पाणी अजून डबक्यांत साचलेले होते आणि एका डबक्यात वरच्या थराला चार टिकल्या चमकत होत्या. छोटू पकडायला वाकला. मामा म्हणाला, "इथं काहीही पकडायला बंदी आहे. नुसतं बघायचं." आम्ही पोटावर पडून पाहिले. एक मुंगी पाण्यात पडली. लगेच एका टिकलीने ती गट्ट केली.

दुसऱ्या दिवशी ओली लोकर जेवणाच्या डब्यात घालून आम्ही लोकलने निघालो. डबा मी मांडीवर धरला होता. शेजारच्या बाईंनी विचारले, "काय आहे रे डब्यात, लाडू का?" मी म्हणालो, "मासे आहेत." त्या जरा दूर सरकल्या.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "मासे खायचे असतात रं, पाळायचे नसतात." आजीने मात्र जुनी काचेची बरणी दिली. मामाने सांगितले होते तसे मी रोज पाहायचो. तीन अंडी पांढरी पडली, ती लगेच काढून टाकली, नाहीतर बुरशी दुसऱ्यांना लागते. बाकीच्या अंड्यांत काही दिवसांनी दोन-दोन काळे ठिपके दिसू लागले. ते पिल्लांचे डोळे! शाळा सुरू झाली होती. तेराव्या दिवशी सकाळी तोंड धुवायच्या आधी मी बरणीकडे गेलो. पाण्यावर मोहरीएवढे डोळे असलेल्या बारीक काड्या हलत होत्या. मी एवढ्याने ओरडलो की आजी चूल सोडून धावत आली.

अकरांपैकी नऊ अंड्यांतून पिल्ले निघाली. पिल्लांना आधी डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव लागतात. त्यासाठी मूठभर पेंढा पाण्यात भिजत घातला. चार-पाच दिवसांत पाणी ढगाळ होते, ते रोज चमचाभर घालायचे. तरी पहिल्या आठवड्यात तीन पिल्ले मेली. मग एक पिल्लू दुसऱ्यांहून मोठे झाले आणि त्याने सगळ्यांत लहानाला खाल्ले! मामाला फोन केला. तो म्हणाला, "मोठ्याला वेगळं ठेव." मी त्याला दुसऱ्या बरणीत ठेवले. शेवटी पाच राहिली. बाटलीतले पंधरा मेले तेव्हा मला काही वाटले नव्हते. या चारांचे मला फार वाईट वाटले. कारण यांना मी रोज मोजत होतो.

पिल्ले वाढल्यावर त्यांना डासांच्या अळ्या द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे अळ्यांना काय तोटा! गुरांच्या सिमेंटच्या टाकीत त्या नुसत्या वळवळत होत्या. मागच्या पावसाळ्यात माझ्या बहिणीला हिवताप आला होता. बाबांनी तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले होते. मी तीन मासे त्या टाकीत सोडले. टाकीचे पाणी काठाच्या हातभर खाली असते, म्हणून ते उडून बाहेर पडत नाहीत. आठ दिवसांनी बाबांनी टाकीत वाकून पाहिले. एकही अळी दिसेना. बाबा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकीवर सावलीसाठी पेंढ्याचे छप्पर घातले.

आरोग्यसेवक डासांसाठी गप्पी मासे सोडतात, ते आपण पाहिले आहे. मुंबईतही महापालिका विहिरींत गप्पी सोडते. गप्पी हा दक्षिण अमेरिकेतला मासा. तो बंद टाकीत चांगले काम करतो, पण आपण होऊन ओढ्यात सोडू नये, असे मामाने सांगितले. ओढ्यात ते काम करायला आपला टिकलीमासा आधीपासून आहे. पेटीत वाढवलेले मासेही ओढ्यात सोडायचे नसतात, कारण त्यांच्याबरोबर रोग जाऊ शकतो. म्हणून माझे मासे टाकीत आणि बरणीतच राहणार आहेत.

मित्रांनो, मला एक सांगायचे आहे. उन्हाळ्यात ओढा आटून डबकी उरतात. तेव्हा काही जण त्यात ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारतात. मोठे मासे खायला नेतात आणि टिकलीमासे तसेच पालथे पडून राहतात. मीही ते पाहत उभा राहिलो आहे आणि काही बोललो नाही. छोटूच्या वेळीही मी असाच गप्प उभा होतो. आता मी बोलणार आहे. पालकांनाही माझी विनंती आहे की त्यांनी असे कोणाला करू देऊ नये. आफ्रिकेतल्या माशाची अंडी वाळलेल्या चिखलात टिकतात. आपल्या माशाला उन्हाळाभर तेवढेच डबके असते.

माझ्या पाच माशांपैकी दोन मी बरणीत घालून शाळेत आणले आहेत. एक नर आहे आणि एक मादी. ते आता माझ्या करंगळीएवढे झाले आहेत. नराच्या डोक्यावर तशीच टिकली आहे. बरणी या भित्तिपत्रकाच्या खाली बाकावर ठेवली आहे. सर्वांनी जरूर पाहावी. तिच्यावर आजीची जुनी चाळणी झाकण म्हणून ठेवली आहे.

कृपा करून ती कोणी काढू नये. काढलीच, तर परत ठेवावी. आणि ठेवायला विसरलात तर मला येऊन सांगा. मी रागावणार नाही.